ओटीत गेलेले दगड

मित्रांनो, आधी मला एक सांगा. भिंतीतला दगड उपसून तो नवरीच्या ओटीत घालताना तुम्ही कधी कुणाला पाहिलंय का? नाही ना? मी पाहिलंय. एकदा नाही, शंभर वेळा. आणि ती भिंत माझी होती! मी धावडा गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या अगदी कडेवर बसलेला एक निवारा आहे. वय झालंय आता माझं. उन्हं खाल्ली, पावसाळे काढले, पण त्या एका श्रावणाचा धक्का अजून माझ्यातून गेलेला नाही. तुम्हाला सांगतानासुद्धा छपराची माती भुरुभुरु गळायला लागली आहे. खोटं वाटत असेल तर डोक्यावर हात फिरवून बघा.

माझी जागा मोठी मोक्याची आहे. ओट्यावर बसलं की सगळं खोरं समोर दिसतं. नदीची वळणं, मळे, धावड्याचे लिंब, संध्याकाळी चुलींचा धूर. माझ्या पाठीमागं दहा पावलं गेलं की वाट वळते आणि खोरं दिसेनासं होतं. पलीकडं वऱ्हाड. तेव्हा अलीकडं निजामाचं राज्य होतं आणि पलीकडं इंग्रजाचं. पण सोयरिकींना सरहद्द कुठं ठाऊक असते? खोऱ्यातल्या लेकी वऱ्हाडात द्यायच्या आणि वऱ्हाडातल्या इकडं आणायच्या, हे पिढ्यानपिढ्या चालत आलेलं.

माझा तर जन्मच एका धक्क्यातून झाला. धावड्याचा शेतकरी पुंजाराम आपल्या म्हाताऱ्या आईला, सोनूबाईला घेऊन वऱ्हाडातल्या एका लग्नाहून परत येत होता. वैशाखाचा महिना, ऊन असं की पाखरू बाहेर नव्हतं. कड्यावर आले आणि बघता बघता आभाळ काळं झालं. गारा पडायला लागल्या, लिंबाएवढ्या! भर वैशाखात! आडोशाला एक झाड नव्हतं की कपार नव्हती. पुंजारामनं आईला पोटाशी धरलं, वरून घोंगडी घेतली, तरी म्हातारी त्या मारात वाचली नाही. मी आज जिथं उभा आहे त्याच जागी तिनं प्राण सोडला. गारा थांबल्या तेव्हा पुन्हा लख्ख ऊन पडलं होतं. पुंजाराम आईला मांडीवर घेऊन त्या उन्हाकडं बघत राहिला.

तेराव्याला त्यानं चार गावच्या लोकांना हात जोडून सांगितलं, की जो कुणी हा डोंगर चढेल त्यानं नदीतला एक दगड उचलून वर आणून टाकावा. फक्त एक. लोकांनी ऐकलं. बाजारकरी, गुराखी, वऱ्हाडातून राजूरच्या गणपतीला येणारे, फकीर, बांगड्या विकणारे, सगळ्यांनी आणले. लहान पोरांनी मुठीएवढे आणले, गड्यांनी डोक्यावरून आणले. दोन वर्षांत दगडांचा हा एवढा ढीग लागला. मग पुंजारामनं भोकरदनहून गयासोद्दीन मिस्तरीला बोलावलं.

गयासोद्दीन म्हणजे दगडातला माणूस. बोलणं कमी, हात चालू. त्यानं ढीग पाहिला, कडा पाहिला आणि कपाळाला हात लावला. चुन्यात बांधायचं तर पाणी पाहिजे, आणि वर पाण्याचा थेंब नाही. शेवटी त्यानं मला कोरडाच बांधायचं ठरवलं. दगडावर दगड, आणि फटीत मुठीएवढे दगड ठोकून बसवायचे. त्या दगडांना चिपा म्हणतात. उतारावरून पुरुषभर उंच भिंत आली, तिच्यावर ओटा झाला, ओट्यावर तीन भिंती आणि सागाच्या लाकडांवर मातीचं धाबं. सबंध उन्हाळा त्याच्या हातोडीचा आवाज खोऱ्यात ऐकू जायचा. ठक ठक, आणि थोडं थांबून ठक. पुंजारामची बायको नंदाबाई रोज भाकरी पाठवायची, आणि ती घेऊन यायची तिची लेक सगुणा. ती पोर तासन्‌तास त्याची हातोडी बघत बसायची.

काम संपलं त्या दिवशी गयासोद्दीननं पुंजारामचा हात धरून माझ्या भिंतीवर ठेवला.

"पुंजाभाऊ, भिंत दिसती मोठ्या दगडांची, पर उभी राहती ह्या चिपांवर," तो म्हणाला. "एकबी ढिली होऊ देऊ नको."

पुंजारामनं मान हलवली. मीही मनातल्या मनात हलवली.

पुढची वर्षं मी काय तोऱ्यात होतो म्हणून सांगू! एकदा औरंगाबादेकडचे कुणी मोठे अंमलदार घोड्यावरून आले, ओट्यावर उभे राहिले, खोरं पाहिलं आणि म्हणाले, बहोत खूब. मी महिनाभर फुगून बसलो. आता कळतं की ते नदीला म्हणाले असतील.

मग सगुणाचं लग्न झालं. बारा वर्षांची पोर. वऱ्हाडात दिली. सासरची माणसं तिला घेऊन वर आली, पुंजाराम वाटेला लावायला सोबत आला. माझ्या ओट्यावर सगळे टेकले. सगुणानं खाली पाहिलं, घर ओळखलं आणि जी रडायला लागली ती उठेचना. सासरा समजावून थकला. दहा पावलांवर वळण, आणि ही पोर ओट्याला धरून बसलेली. पुंजारामचेही डोळे भरले.  तो खाली उतरला, माझ्या भिंतीत विळ्याचं टोक घातलं आणि एक चीप उपसून काढली. मला काय झालं ते कळायच्या आत त्यानं ती सगुणाच्या ओटीत टाकली.

"हे घे. आपल्या नदीतलाच दगड है," तो म्हणाला. "आठवण आली की हातात धरायचा. मंग तू इथंच बसून राह्यली असं समजायचं."

सगुणा उठली आणि दगड पोटाशी धरून वळणाआड गेली.

चीप निघाली तेव्हा मला गुदगुली झाल्यासारखं वाटलं. तुम्हाला वाटेल, मी रागावलो असेन. छे! मी तर खूश झालो. माझा एक तुकडा वऱ्हाडात नांदायला गेला, हा काय लहान मान आहे?

पुढच्या लग्नसराईत दुसऱ्या एका बापानं तेच केलं. मग तिसऱ्यानं. दोन वर्षांत तो रिवाज होऊन बसला. दगड नेला नाही तर पोर सासरी टिकत नाही, असं बायका सांगायला लागल्या. मला लोक लेकीचा ओटा म्हणायला लागले. आणि मित्रांनो, खरी गोम तर पुढंच आहे. चीप काढली की भोक पडतं. ते दुसऱ्या दगडानं बुजवावं, एवढी साधी गोष्ट. पण नाही! लेक गेली म्हणून तिची जागा बुजवायची? हा काय विचार झाला? भोक उघडंच ठेवायचं. माहेरी लेकीची जागा आहे, हे दिसलं पाहिजे. आया सरपणाला वर आल्या की आपापल्या लेकीच्या भोकात हात घालून दोन घटका उभ्या राहायच्या.

त्यांतली चतुराबाई मला विसरता येत नाही. तिची लेक झुंबर मोठी खोडकर. सगळ्या पोरी रडत गेल्या, ही हसत गेली. तिनं बापाला दगड निवडू दिला नाही. स्वतः भिंत चाचपली आणि डाव्या अंगाचा, कमरेएवढ्या उंचीवरचा, पांढऱ्या रेघेचा तांबडा दगड मागितला. बाकी सगळ्यांचे काळे, माझा तांबडा, म्हणाली. चार वर्षांनी बाळंतपणात ती गेली. चतुराबाईला दहाव्या दिवशी कळलं. त्यानंतर ती माझ्यापाशी यायची, त्या भोकात कोपरापर्यंत हात घालायची आणि कपाळ भिंतीला टेकवायची. मी भिंत असून मला ते बघवत नसे.

अशी तेरा-चौदा वर्षं गेली. एका उन्हाळ्यात गयासोद्दीन कुठल्याशा विहिरीचं काम आटोपून सहज मला बघायला आला. दाढी पांढरी झाली होती. तो पायथ्याशी आला आणि थिजला. सगळी पुढची भिंत भोकाभोकांची! वळचणीला चिमण्यांनी पोखरावी तशी. तो खाली बसला, पुन्हा उठला, भिंतीला हात लावला, काढून घेतला.  तोवर मला वाटत होतं की मी धडधाकट आहे. त्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि पहिल्यांदा मी माझी भोकं मोजायला लागलो. अरे बापरे, आपण कशावर उभे आहोत?

चार दिवस खपून त्यानं सगळी भोकं भरली. पाचव्या दिवशी गाव वर आलं. चतुराबाईनं झुंबरचं भोक बुजलेलं पाहिलं आणि नखांनी उकरायला लागली. बोटांतून रक्त आलं, तरी थांबेना. मग काय, एकेक बाई पुढं झाली. संध्याकाळपर्यंत सगळी भोकं पुन्हा उघडी. काहींच्या शेजारच्या चिपाही त्या ओढाओढीत निसटल्या. गयासोद्दीन पुंजारामकडं बघत होता. हा तरी समजून घेईल अशी त्याला आशा असावी.

"लेक सासरी गेली म्हणून तिची जागा बुजवायची काय, मिस्तरी?" पुंजाराम म्हणाला. "तुम्हाला न्हाई कळायचं."

"लेकींसाठीच बोलून राह्यलो मी," गयासोद्दीन म्हणाला. "ओट्यावर कोन बसतं?"

पुंजारामनं तोंड फिरवलं. एवढी जुनी दोस्ती, आणि त्या दिवशी तो राम राम न करता खाली उतरला. मला त्याचा राग आला. ज्यानं आईसाठी मला उभं केलं, तोच!

आता तो श्रावण. नागपंचमीला लेकी माहेरी येतात. त्यांना आणायला मुराळी म्हणून बाप नाहीतर भाऊ वऱ्हाडात जातात आणि पंचमीच्या आदल्या दिवशी सगळे मिळून डोंगर उतरतात. खोरं दिसलं की प्रत्येक लेक माझ्या ओट्यावर धावते. गयासोद्दीनला हे ठाऊक होतं. म्हणून लेकी यायच्या आदल्या दिवशी तो एकटाच, कुणाला न सांगता, पिशवीत चिपा आणि हातोडी घेऊन वर आला. चतुराबाईचं भोक सोडायचं आणि जमेल तेवढी बाकीची भरायची, असं त्यानं ठरवलं असावं. झिमझिम पाऊस होता. माती भिजून गच्च झाली होती आणि माझं अंग जड झालं होतं. तो पायथ्याशी बसून उजव्या अंगाला काम करत होता.

पण त्या वर्षी नदीला पाणी चढत होतं. नदी ओलांडता येणार नाही म्हणून मुराळी एक दिवस आधीच निघाले. दुपारी वळणावर पहिली बाई दिसली आणि माझं काळीज फाटलं. मागून दुसरी, तिसरी, अशा पंधरा-सोळा जणी. सगळ्यांत पुढं पुंजाराम आणि सगुणा. खोरं हिरवंगार पसरलेलं. बायकांनी पाहिलं आणि त्या धावल्या! कुणी घराकडं बोट करतंय, कुणी हसतंय, कुणी रडतंय. आणि मग त्यांनी माझ्या ओट्यावर फुगडी धरली. फुगडी, मित्रांनो! पोकळ भिंतीच्या डोक्यावर!

प्रत्येक गिरकीला मी आतून हलत होतो. मला ओरडायचं होतं. दगडाला तोंड असतं तर मी डोंगर डोक्यावर घेतला असता. खाली गयासोद्दीननं मान वर केली. भिंत त्याच्या डोळ्यांदेखत फुगत होती. तो दोनदा ओरडला, मागं सरा म्हणून, पण गाण्यात कुणाला ऐकू जाणार? त्याला पळता आलं असतं. वाट मोकळी होती. पण माझा तो वेडा मिस्तरी पळाला नाही. त्यानं उजवा हातच चिपेसकट सुटत्या फटीत दाबून धरला आणि डाव्या हातानं जमेल तसं ठोकायला लागला. ठक ठक. ठक.

सगुणाचे पाय थांबले. हा आवाज तिच्या लहानपणीचा. तिनं ओट्यावरून खाली वाकून पाहिलं आणि पुढच्या क्षणी दोन बायकांच्या दंडाला धरून तिनं मागं ओढलं. तिच्या किंचाळण्यानं बाकीच्या मागं पळाल्या. शेवटचा पाय ओट्यावरून उचलला गेला आणि माझं उजवं अंग कोसळलं.

 मी अर्धा उरलो होतो. आणि माझ्याच दगडांखाली मला बांधणारा माणूस होता. हे आठवलं की आजही मला वाटतं, आपण दगड झालो नसतो तर बरं झालं असतं.

दगड पहिल्यांदा पुंजारामनं उचलले. मग मुराळी धावले, बायका धावल्या. गयासोद्दीन जिवंत होता. त्याचा उजवा हात मनगटापर्यंत चेंगरला होता. त्यानं डोळे उघडले आणि पहिलं काय विचारलं असेल?

"वर किती होत्या? साऱ्या उतरल्या का?"

सगुणा म्हणाली, "साऱ्या उतरल्या, चाचा."

त्यानं डोळे मिटले. पुंजाराम त्याच्या उशाशी बसला होता.  नुसता त्याच्या तोंडावरची माती पुसत राहिला. घोंगडीची झोळी करून त्यांनी त्याला खाली नेलं. त्या वर्षी खोऱ्यात झोके बांधले गेले नाहीत. भोकरदनच्या हकिमानं मनगटापासून हात काढला, हे मला पुढं वाटसरूंच्या बोलण्यातून कळलं. ज्या हातानं मला घडवलं, तो हात! मी किती दिवस त्या बातमीवरच अडकून राहिलो होतो.

वाटलं, आता संपलं. कोण कशाला उभं करतंय आपल्याला? पण दिवाळीच्या तोंडावर एके दिवशी पुंजाराम वर आला. खांद्यावर नदीतला एक दगड. मागोमाग चार गावचे लोक. आणि पुंजारामच्या बैलावर बसून गयासोद्दीन, उजव्या बाहीला गाठ मारलेली. तो बसून सांगत होता, लोक बांधत होते. मोठे दगड चढले. पण चिपांपाशी येऊन काम अडलं. कोणत्या फटीत काय बसेल हे त्याच्या हाताला कळायचं, दुसऱ्याच्या हाताला कुठून कळणार?

तेवढ्यात वळणावरून सगुणा आली. दिवाळीला माहेरी आली होती. तिनं पदरातून तिची चीप काढली. तिच्यामागून दुसरी, तिसरी. तिनं सगळ्या वऱ्हाडात निरोप धाडले होते! एकीनं दगड देवघरात ठेवून कुंकवानं लाल केला होता, एकीनं जात्याखाली टेकू दिला होता. एकीनं तर लसूण ठेचून ठेचून तो गुळगुळीत केला होता. पावसाळ्यात मला अजून त्याचा वास येतो.

चतुराबाई आडवी आली. ओटीतलं परत येत नाही, घोर अपशकुन आहे, असं ती म्हणायला लागली. लोक थबकले. पुंजारामही खाली बघायला लागला. 

"परत कुठं करून राह्यलो, काकी?" सगुणा म्हणाली. "लेकी माहेराला आहेर न्हाई करत का?"

चतुराबाई बाजूला सरली. सगुणानं आपली चीप फटीत धरली आणि गयासोद्दीननं डाव्या हातानं ठोकली. वेडावाकडा घाव बसला, पण बसला. आपला दगड कुठल्या दगडांमधून निघाला होता ते प्रत्येकीला पाठ होतं, मग एकेक दगड घरी आला. जे आले नाहीत त्यांच्या जागी नदीतले लावले, आणि यावेळी कुणी हरकत घेतली नाही.

शेवटी एक भोक उरलं. डाव्या अंगाला, कमरेएवढ्या उंचीवर. चतुराबाई त्याच्यावर तळवा ठेवून उभी होती. गयासोद्दीननं लोकांना खुणेनं सांगितलं, राहू द्या. लोक सामान आवरायला लागले.

ऊन कलताना वळणावर एक म्हातारी दिसली. झुंबरची सासू, उषाबाई. दोन दिवस चालत आली होती. तिच्या बोटाला धरून सहा वर्षांची पोर. परकराच्या ओच्यात काहीतरी जड घेऊन ती सरळ भिंतीपाशी आली. समोरची बाई आपली आजी आहे हे तिला ठाऊक नव्हतं.

"ह्यो दगड कुठं लावायचा?" तिनं विचारलं. "माझ्या मायचा है."

पांढऱ्या रेघेचा तांबडा दगड. चतुराबाईचा तळवा भिंतीवरून आपोआप खाली आला. पोरीनं दगड भोकात सरकवला. तो बरोबर बसला. गयासोद्दीननं हातोडी चतुराबाईच्या हातात दिली. तिनं एकदाच, अगदी हळू ठोकली. मग हातोडी टाकून तिनं पोरीला कडेवर उचललं, ओट्यावर आणलं आणि खाली बोट करून झुंबरचं घर दाखवलं. पोर विचारत होती, कोणतं, कोणतं, आणि चतुराबाईला डोळ्यांतल्या पाण्यानं काही दिसत नव्हतं. शेवटी पुंजारामनं दाखवलं.

तेव्हापासून नवरीला आधी नदीवर नेतात. तिथला दगड घेऊन ती वर येते, तो माझ्या ओट्यावर टेकवते आणि मग ओटीत घालून घेते. गयासोद्दीन असेपर्यंत दर श्रावणाआधी पुंजारामसोबत मला बघायला यायचा. दोघं म्हातारे माझ्या भिंतीवर हात फिरवत कुरकुरत बसायचे.

मित्रांनो, मला कुणी द्वेषानं पोखरलं नव्हतं. मायेनं पोखरलं होतं, आणि त्याचाच धक्का मला अजून पचलेला नाही. ज्याच्यावर जीव आहे त्याच्याकडून नेताना, मागं भोक किती पडलंय तेही एकदा वाकून बघत जा. कधी इकडं आलात तर येताना नदीतला एक दगड घेऊन या, पुंजारामच्या वेळचा रिवाज आहे. ओट्यावर बसा, खोरं बघा, हवी तेवढी फुगडी घाला, मी आता पक्का आहे. उतरताना डाव्या अंगाला तांबडा दगड दिसेल, त्याला हात लावलात तरी चालेल. फक्त हळू लावा, तिथं एक आई कपाळ टेकवत असे.